गाडी कुणाची, गुन्हा कुणाचा?

फलटण, बरड मागे टाकून पंढरपूरकडे निघालेला रस्ता धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरतो आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर करीत वाखरीला पोचतो. या रस्त्याचा इतिहास विचारला की आमच्याकडे एकच इतिहास सांगितला जातो, ज्ञानोबांच्या पालखीचा. तो खोटा नाही. परंतु पालखीचा नातेपुत्यातला मुक्काम एका रात्रीचा. वर्षाच्या उरलेल्या रात्री याच रस्त्यावरून ऊस, साखर, खडी, सिमेंट, कांदा जात असतो, आणि तो नेणाऱ्या माणसाचा इतिहास लिहावा असे फारसे कुणाला वाटलेले नाही. मी या गावात इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले. माझे वडील ट्रकवर होते. म्हणून हा विषय मी घेतला आहे.

ड्रायव्हरचे कामाचे तास, गाडीचे पासिंग, मालाचे वजन, लायसन हे विषय या पानांवर काहींना परके वाटतील. देऊळ, पाणवठा आणि स्मशान यांवर आपण पुष्कळ लिहिले. ते लिहिणे आवश्यकच होते. रस्त्यावर मात्र कमी लिहिले, कारण रस्ता सर्वांचा असतो अशी आपली समजूत आहे. रस्त्यावर चालायला आज कुणी अडवत नाही हे खरे. पण रस्त्यावर काही बिघडले, माणूस मेला, माल सांडला, तर दोष कुणाच्या माथी जातो, हा प्रश्न विचारला की जुनी व्यवस्था डोके वर काढते.

ही जुनी व्यवस्था म्हणजे काय होती? महारकीच्या कामांत रस्त्याची कामे किती होती ते पाहावे. सरकारी खजिना तालुक्याला पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, वाटसरूला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन घालणे, टपाल आणि निरोप पोचवणे. गावाच्या वाहतुकीची सुरक्षितता, आजच्या भाषेत बोलायचे तर, महाराकडे होती. ती कामे दिवसा-रात्री, केव्हाही. त्यांना तास नव्हते, ठरलेला पगार नव्हता. हुकूम पाटलाचा आणि जबाबदारी महाराची. १८७४ च्या वतन कायद्याने ही रचना इंग्रजी राज्यात कायदेशीर करून टाकली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तिच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते तासांचे आणि मोबदल्याचेच भांडण होते. ते विधेयक तडीला गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीने ही रचना अंगावर सोसलेली आहे.

आणखी मागे जायचे तर आमच्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याला जावे लागेल. गावकुसाच्या बांधकामावर असताना कूस कोसळून चोखोबा त्याखाली गेले, असे परंपरा सांगते. त्यांची हाडे विठ्ठलाचे नाव घेत होती, ही कथा आपल्याला कीर्तनातून ऐकवली जाते. भिंत कशाने पडली आणि ती बांधून घेणारा कोण होता, हे कीर्तनात येत नाही.

आता गाडीकडे येऊ. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत, त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने आपल्या वाचकांना माहीत आहेत. त्या आठवणी अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचल्या जातात. मी त्या वाहतुकीचा इतिहास म्हणूनही वाचतो. १९०१ साली त्यांचे वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता तेथे, खजिनदार होते. मुले सुट्टीत वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. बैलगाडी ठरवायची तर महाराची पोरे म्हणून गाडीवान तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो दोन अटींवर: भाडे दुप्पट द्यायचे, आणि गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान पायी चालणार! गाडी हाकण्याचा काहीही अनुभव नसलेली, दहा वर्षांच्या आसपासची पोरे, रात्रीचा रस्ता आणि दुप्पट भाडे. वाटेत टोलनाका लागला. टोल घेणाऱ्याला पाणी मागितले तर पाणी मिळाले नाही. दलितांच्या लिहिलेल्या इतिहासात टोलनाका येतो तो असा, तहानलेला.

दुसरी घटना २३ ऑक्टोबर १९२९ ची, चाळीसगावची. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते आणि त्या कामावरून परतत होते. महारवाड्यातील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. वस्ती जवळ होती, चालत जाता आले असते. पण आपल्या बॅरिस्टरने पायी येणे लोकांना कमीपणाचे वाटले. टांगेवाल्यांपैकी कुणी महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. तोड अशी निघाली की टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र महारांनी. ज्याच्या हाती लगाम दिला त्याने पूर्वी टांगा हाकलेला नव्हता. टांगा आधी एका मोटारीवर आदळता आदळता वाचला, पुढे नदीच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. त्यांचा पाय मोडला.

हा अपघात आज घडला असता तर पंचनाम्यात काय लिहिले गेले असते? विनापरवाना आणि अननुभवी चालक, हयगयीने वाहन चालविणे. सगळे खरे. टांगा हाकायला ज्याने नकार दिला, त्याचे नाव पंचनाम्यात आलेच नसते. टांगा त्याचा, भाडे त्याचे, पण तो गाडीवर नव्हता. चाळीसगावचा तो टांगेवाला मला आजच्या मालवाहतुकीचा आद्य पुरुष वाटतो. गाडी माझी, कमाई माझी, चालवणार तू, आणि मोडलेला पायही तुझ्या बाजूचा.

मोटारीबरोबर कायदा आला. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना आणला आणि १९३९ च्या कायद्याने मालवाहू गाड्यांचे सगळे नियमन एका जागी आणले. या १९३९ च्या कायद्याचे कलम ६५ आपल्या कार्यकर्त्यांनी वाचण्यासारखे होते. सलग पाच तास गाडी चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती, आणि दिवसाच्या व आठवड्याच्या तासांना मर्यादा. पण त्यातली महत्त्वाची गोष्ट तासांची नव्हती. ते कलम ड्रायव्हरला उद्देशून लिहिलेले नव्हतेच. आपल्या नोकरीतील किंवा आपल्या ताब्यातील माणसाकडून याहून जास्त वेळ कुणीही गाडी चालवून घेऊ नये वा चालवू देऊ नये, असा त्याचा रोख होता. म्हणजे हुकूम मालकाला होता. इंग्रजांच्या कायद्यालाही एवढे कळत होते की झोप मोडणारा कोण आणि जागणारा कोण.

मग ते अमलात का आले नाही? याचे उत्तर कारखान्याच्या फाटकात आहे. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. कारखान्याला फाटक असते, भोंगा असतो, हजेरीपट असतो, निरीक्षक येऊन उभा राहू शकतो. ट्रकला यांपैकी काही नाही. ट्रक हा चाकांवर फिरणारा एका माणसाचा कारखाना आहे, आणि त्याच्या दारात निरीक्षक म्हणून भेटतो तो नाक्यावरचा माणूस. त्याला ड्रायव्हर दिसतो, मालक दिसत नाही. इतकी ही साधी गोष्ट आहे.

१ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी एस.टी. सुटली. खाजगी सर्व्हिस मोटारीत कुणी कुठे बसायचे हे ज्यांनी सोसले होते त्यांना या लाल गाडीचे मोल कळेल. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहनात अडवणे हा गुन्हा ठरवला. राखीव जागांमुळे आपली मुले एस.टी.त कंडक्टर झाली, ड्रायव्हर झाली. त्यांना गणवेश मिळाला, ड्यूटीचा तक्ता मिळाला, आगारात झोपायला जागा मिळाली, निवृत्तिवेतन थोडके का होईना मिळाले. आपल्या चळवळीने या नोकऱ्यांसाठी भांडण केले याचा अभिमान वाटतो. पण त्याच रस्त्यावर, त्याच वाड्यातला, कधी कधी त्याच घरातला दुसरा भाऊ ट्रकवर होता. त्याच्याकडे चळवळीने पाहिले नाही. राखीव जागांची पाटी जिथे लागत नव्हती तिथे आपली नजरही गेली नाही, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या तालुक्याच्या कालव्याबाहेरच्या भागाला फार कडक गेला. भाटघरचे पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने ज्यांच्या रानात खेळत होते त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी खडी फोडली. माझी आई खडीच्या कामावर होती. मिलो आणि सुकडी खाऊन बायकांनी जी खडी फोडली तिच्यावर महाराष्ट्रातले किती रस्ते उभे आहेत! ती खडी वाहणाऱ्या ट्रकवर माझे वडील क्लीनर म्हणून लागले. आमच्याकडे क्लीनरला किन्नर म्हणतात. चाकाला दगड लावायचा, ताडपत्री बांधायची, पाणी भरायचे, ड्रायव्हरचा डबा धुवायचा, रात्री मालावर झोपून माल राखायचा, आणि ड्रायव्हरला पेंग आली की स्टेअरिंग धरायचे. या शेवटच्या कामातूनच नवा ड्रायव्हर तयार होत असे. शाळा हीच, परीक्षा हीच. घाटात नापास झालेला परत येत नसे.

वडिलांना पुढे लायसन मिळाले, बिल्ला मिळाला. सही करायला ते माझ्याकडून शिकले. लायसन, बिल्ला आणि बाबासाहेबांचा एक लहान फोटो ते एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत. गाडीची सगळी कागदपत्रे मालकाच्या नावाची. ड्रायव्हर त्या गाडीवर नोकरीला आहे असा एकही कागद नव्हता. पगार खेपेवर, भत्ता वेगळा, आणि दंड झाला तर तो पगारातून कापला जाई. एकदा वजन जास्त भरले म्हणून चलान झाले. माल मालकाच्या माणसांनी भरला होता, वडील त्या वेळी गाडीखाली पाट्याचा बोल्ट आवळत होते. तरी दंड त्यांच्याच हिशेबात लिहिला गेला. तो मालक काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला आम्हाला कापड देई. धंद्याची रीतच तशी होती, आणि रीत ही वाईट माणसापेक्षा जड असते.

स्वतंत्र भारताने १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा केला होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, गणवेश द्यावा. कायद्याच्या व्याख्येत क्लीनरचाही समावेश होता. इतका चांगला कायदा होता की वाचताना हसू यावे. कारण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आपल्या देशातले बहुतेक ट्रक एकदोन गाड्यांच्या मालकांचे असतात. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक किन्नर: दोन माणसे. ज्याच्या दहा गाड्या तोही त्या बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर लावू शकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने कामाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणे असावेत असे म्हटले, आणि ते वाहतुकीच्या गाडीवर काम करणाऱ्या कुणाही माणसाबद्दल म्हटले. माझ्या मते यातून ही मर्यादा एका ट्रकच्या ड्रायव्हरलाही मागता आली असती. पण मागायला कुणी गेले पाहिजे ना! माझ्या वडिलांची विश्रांतीची खोली म्हणजे ट्रकखालची सावली. उन्हाळ्यात डिझेलच्या टाकीच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला. एवढेच काय ते नियमन.

वजनाचा प्रश्न थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण ओव्हरलोड म्हटले की लोक ड्रायव्हरच्या हावरेपणाबद्दल बोलू लागतात. आमचा माळशिरस तालुका उसाचा. माळीनगर, श्रीपूर, अकलूज, सदाशिवनगर ही नावे साखरेमुळे महाराष्ट्राला माहीत झाली. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, मुकादमाची उचल घेऊन. तोडलेला ऊस टायरगाडीने, ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांनी आणि ट्रकने कारखान्याला जातो. वाहतुकीचे पैसे मिळतात टनावर. जितके टन जास्त, तितका गाडीचा हप्ता लवकर फिटणार. ज्या क्षणी दर टनावर ठरला त्या क्षणी ओव्हरलोड ठरलेला असतो. ड्रायव्हर फक्त तो ओढतो. आणि गंमत अशी की या गुन्ह्याइतका पुराव्यासह घडणारा दुसरा गुन्हा नसेल. वजनकाट्यावर प्रत्येक गाडी चढते, वजनाची पावती निघते, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, टन, सगळे छापून मिळते. चोराने चोरी करून पावती घ्यावी तसे हे आहे! तरी तपासणी होते ती रस्त्यावर, ड्रायव्हरची. मी कोणा एका कारखान्याविषयी बोलत नाही. ऊसपट्ट्यातली ही सार्वत्रिक रीत आहे. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रेडियमची पट्टी मातीने भरलेली, आणि अंधारात मोटारसायकलवर येणारा शेतमजूर तिच्यावर आदळतो. दर हंगामाच्या सुरुवातीला रेडियम लावण्याच्या मोहिमा निघतात, फोटो छापून येतात. पट्टी लावावी, जरूर लावावी. पण दर टनावर आहे तोवर ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस ती पट्टी झाकतच राहणार.

कायदा या बाबतीत आंधळा नव्हता, हे मला ठासून सांगायचे आहे. १९८८ च्या कायद्याचे कलम ११३, पोटकलम ४ पाहावे. जास्त वजनाची गाडी चालवणारा जर गाडीचा मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाला माहीत असताना किंवा त्याच्या हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे वाक्य कायद्यात आहे. किती कार्यकर्त्यांना ते माहीत आहे? किती ड्रायव्हरांना त्यांच्या वकिलांनी ते सांगितले? काही राज्य सरकारांनी तर उलटी वाट धरली होती. ठरावीक रक्कम भरा, गोल्ड कार्ड घ्या आणि जादा माल न्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात हे बंद करायला लावले, जादा माल खाली उतरवलाच पाहिजे असे बजावले. त्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या अधिकृत वजनाची मर्यादाच २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. दोन आसांच्या ट्रकला १६.२ टनांऐवजी १८.५ टन. काल जो ओव्हरलोड होता तो आज अंडरलोड झाला. आमच्या पुण्यातल्या आणि मुंबईतल्या हमालांनी, माथाड्यांनी संघटना बांधून पोत्याचे वजन क्विंटलावरून पन्नास किलोवर आणायला लावले, हे आठवले. हमालाच्या पाठीचे ओझे संघटनेने उतरवले, ट्रकच्या आसावरचे ओझे अधिसूचनेने चढवले. पाठीला संघटना होती, स्टेअरिंगला नव्हती.

आता शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट. १० एप्रिल २००७ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ८ आला: वाहतुकीच्या गाडीचे लायसन हवे तर आठवी पास पाहिजे. आधीच लायसन असलेल्यांना नूतनीकरणात सूट होती, नव्यांना नव्हती. शिक्षणाचा आग्रह धरणारी आपली परंपरा. त्यामुळे असल्या नियमाला विरोध करायला आपल्याला अवघड जाते, आणि नियम करणाऱ्यांना तेवढेच सोपे जाते. पण विचार करावा. पाचवीत शाळा सुटलेल्या पोराची शाळा कुणी सोडवली? ऊसतोडीला आईबाप सहा महिने बाहेर, पोरगे त्यांच्याबरोबर फडात. शाळेत त्याला टिकवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांना काही झाले नाही. पोराचा मात्र धंदाही बंद झाला. माझा एक चुलतभाऊ असाच किन्नर होता. गाडी त्याच्या हातात लोण्यासारखी चालत असे. रस्त्यावरचे फलक वाचण्याइतके मी त्याला शिकवले होते, पण दाखला कुठून आणणार? कागदावर तो वर्षानुवर्षे किन्नर राहिला आणि रात्री ड्रायव्हर झाला. सुरक्षिततेच्या नियमाने असे कितीतरी बिनलायसनचे ड्रायव्हर तयार केले. रात्रशाळा काढून आठ महिन्यांत वाहतुकीपुरते वाचन शिकवता आले असते. ते कुणाला सुचले नाही.

हा नियम २०१९ मध्ये रद्द झाला. आपल्या मोर्चामुळे नव्हे. देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हरांचा तुटवडा आहे, असे सरकारने तेव्हा सांगितले. म्हणजे हात कमी पडले म्हणून दार उघडले. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. बिनलायसन चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये, आणि बिनलायसनवाल्याला गाडी देणाऱ्या मालकाचा १,००० वरून ५,००० रुपये. आकड्यांत दोघे समान झाले. एकाची ती आठवड्याची कमाई, दुसऱ्याचा एका खेपेचा नफा.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. सरकारी अहवालात मेलेल्याचे वय, लिंग, वाहनाचा प्रकार असतो. जात नसते, आणि किती तास जागा होता हेही नसते. ट्रकचा ड्रायव्हर मेला तर त्याच्या बायकोपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो नोकरी सिद्ध करण्याचा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली दावा लावायचा तर तो मालकाचा नोकर होता हे दाखवावे लागे, आणि कागद नसे. अपघातात दुसरा मेला असेल तर त्याच्या वारसांना विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि लायसन वगैरेचे भांडण नंतर मालकाशी करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितले. हा मोठा दिलासा होता. तो मेलेल्यांच्या वारसांना, तुरुंगातल्या ड्रायव्हरला नव्हे.

तुरुंगाचा विषय निघालाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात असे होते की हयगयीने मृत्यू घडवून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक उभे राहिले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा शहरी वृत्तपत्रांना ड्रायव्हर नावाचा प्राणी दिसला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा एवढे पोटकलम बाजूला ठेवले गेले. पळून जाणाऱ्याचे समर्थन मी करणार नाही. रस्त्यावर तडफडणाराही बहुधा आपलाच माणूस असतो. पण ड्रायव्हर का पळतो हे ज्याने जमाव पाहिला आहे त्याला विचारावे. आणि ज्याचे आडनाव जमावाला कळले तर काय होईल, याचा हिशेब एका क्षणात करावा लागतो, त्याची भीती दुप्पट असते.

बाहेरच्या देशांतही हे भांडण झाले आहे. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरच्या तासांचे नियम १९३८ पासून आहेत, युरोपच्या सामायिक बाजाराने १९७० मध्ये गाडीत तास नोंदणारे यंत्र बसवण्याचा नियम केला, आणि डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेत ही नोंद इलेक्ट्रॉनिक झाली. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ट्रक ड्रायव्हरचे तास ठरवावेत असे बोलून दाखवले. ६० वर्षांपूर्वीच ते ठरले होते, हे त्या वेळी फारसे कुणी आठवून दिले नाही! यंत्राला माझा विरोध नाही. यंत्राची नोंद मालकाच्या दप्तरात जाऊन तपासली जाते की ड्रायव्हरच्या खिशात, यावर सगळे अवलंबून आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पंढरपूरला संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी बाजूला पायवाटेची सोय त्यात धरलेली आहे. चालणाऱ्याला ट्रकपासून वेगळी वाट मिळावी, हे योग्यच आहे. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा पाहता ही चांगली गोष्ट आहे, आणि नवी गाडी घेणाऱ्याच्या ड्रायव्हरला ती मिळेल.

परंतु २१ नोव्हेंबर २०२५ ला आणखी एक गोष्ट झाली, तिची चर्चा आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर झालेली नाही. चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. त्या संहितेने प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देण्याची तरतूद केली आहे. माझ्या वडिलांना जो एक कागद आयुष्यभर मिळाला नाही तो हाच. मात्र संहितेत आस्थापनेची व्याख्या आहे, आणि तिच्यात मोटार वाहतुकीच्या धंद्याचे नाव घेऊन आकडा घातला आहे: दहा किंवा अधिक कामगार. १९६१ मध्ये तो पाच होता.

अकलूजच्या परिवहन कार्यालयात नोंदल्या जाणाऱ्या आमच्याकडच्या ट्रकवर एमएच-४५ अशी अक्षरे असतात. पाठीमागे कुठे जय भीम, कुठे जय मल्हार, कुठे मुलाबाळांची नावे. नातेपुत्याच्या चौकात संध्याकाळी उभे राहून अशा गाड्यांच्या केबिनमध्ये पाहावे. पुढे एक माणूस, शेजारी एक पोरगा. दहा कुठेच बसलेले दिसत नाहीत.